सोनेरी काठाचे कप

चारुशीलाताईंना शीर सापडली नाही, असं कधी झालं नव्हतं. फहाहीलच्या त्या दवाखान्यात घाबरट माणसं आधी चौकशी करत, "आज नाशिकवाल्या बाई आहेत ना?" आणि मगच रक्त द्यायला बाही वर करत. लग्न झाल्यावर जयदीपरावांच्या मागोमाग त्या कुवेतला आल्या. ते तेलाच्या कंपनीत, ह्या दवाखान्यात, एगैलाला फ्लॅट, पदरी लेक जुईली. सगळं कसं जागच्या जागी. आपला हात आणि आपली नजर चुकत नाही, याची ताईंना खात्री होती आणि तिथल्या मराठी मंडळालाही. म्हणून तर त्यांना निवारा समितीवर घेतलं.

समिती ही मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांची कल्पना. त्यांचा पुतण्या इंग्लंडात कुठल्याशा गावच्या नगरपालिकेत नोकरीला.

"तिथे माणूस रस्त्यावर यायची वाट बघत नाहीत," राजाभाऊ सभेत हात नाचवत म्हणाले. "घर जाण्याआधीच नगरपालिका मालकाशी बोलते, भाड्याला हातभार लावते. आधीच त्याची तरतूद असते. नंतर निस्तरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं म्हणे! आणि आपण काय करतो? बिचाऱ्याचं छप्पर गेलं की वर्गणी काढतो आणि विमानात बसवून देतो. फक्त ओवाळायचं तेवढं बाकी ठेवतो!"

सगळे हसले, सगळ्यांना पटलंही. गणपतीच्या वर्गणीतला वाटा बाजूला निघाला. शुवैखच्या एका गॅरेजवाल्याने भर घातली. नियम एकच ठरला: मदतीआधी समितीने घरी जाऊन परिस्थिती डोळ्यांनी पाहायची. पुतण्याकडे तसंच करतात.

पहिली हाक आली देवयानीची. अमरावतीची पोरगी, फिजिओथेरपिस्ट. तिचं क्लिनिक बंद पडलं होतं. दुसरीकडे नोकरी ठरली होती, पण इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्या मालकाच्या नावावर होईस्तोवर पगार नाही, आणि मंगफच्या खोलीचं भाडं तुंबलेलं. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, रोज दार ठोठावायचा.

"शुक्रवारी सकाळी येतो हं आम्ही," राजाभाऊंनी तिला आधी फोन करून कळवलं. मराठी माणूस न कळवता कुणाच्या घरी कसा जाईल?

गेले. खोली लख्ख. टेबलावर फुलाफुलांचं कापड, सोनेरी काठाच्या कपांत आल्याचा चहा, आणि शिरा. त्यात काजू असे, की चमच्याला रवा कमी लागावा.

"अजून घ्या ना, ताई."

"अगं, पुरे!"

"एवढासाच. माझ्या हातचा आवडला नाही वाटतं?"

ताईंनी घेतला. पुन्हा घेतला. राजाभाऊंनी हळूच विचारलं, "बाकी कसं काय, देवयानी?" तर ती हसून म्हणाली, "चाललंय, भाऊ." निघताना तिने ताईंना कुंकू लावलं.

लिफ्टमध्ये राजाभाऊ म्हणाले, "काय वाटतं तुम्हाला?"

"खरं सांगू? असे कप माझ्याकडेसुद्धा नाहीत," ताई म्हणाल्या. "अडचण असेल, नाही म्हणत नाही. पण छप्पर जायची वेळ आलेलं घर असं दिसत नाही. हिला दिलं तर खरा गरजू मागे राहील."

राजाभाऊंनी मान डोलावली. मदत नाकारली गेली. ताईंना त्या रात्री छान झोप लागली.

थोड्याच दिवसांनी दवाखान्यात त्यांच्या खुर्चीत एक ऐसपैस बाई येऊन बसली. शहरबानू, मूळची रत्नागिरीची. साखर तपासायला आलेली. मंगफला जेवणाचे डबे करून द्यायची.

"मूठ वळा," ताई म्हणाल्या. "उपाशी आहात ना?"

"उपाशीच गो बाय. आणि गोडाचं तर नावच काढू नकोस. शिरा म्हटलं की हल्ली माझं डोकं फिरतं."

"का हो?" ताईंनी शीर चाचपली.

"आमच्या खाली एक पोर राहायची. खोली जायला आलेली. तिच्या मंडळाची माणसं घर बघायला यायची होती. मी म्हटलं, आहे तसं दाखव. तर म्हणते, खाला, घरी आलेल्या माणसांना कोरडं कसं पाठवू? आधी तोंड गोड करते, मग सांगते. मग काय! रवा माझा, काजू शेजारच्या केरळी नर्सचे, टेबलावर पलंगाची चादर. आणि कप माझ्या निकाहातले, सोनेरी काठाचे! तिच्याकडे होते दोन स्टीलचे पेले."

ताईंच्या हातातली सुई थांबली.

"मग सांगितलं तिने?"

"कुठलं! खाल्लेल्या तोंडांसमोर जीभच रेटली नाही पोरीची. आणि ती मोठी माणसं, खाऊन उठली नि 'हिला काय कमी आहे' म्हणून गेली. त्यातली एक बाई तर मागून मागून खात होती म्हणे!"

'मागून नाही, आग्रह झाला म्हणून,' हे ताईंच्या मनात आलं, आणि असं मनात आलं याचीच त्यांना शरम वाटली. त्यांनी सुई टोचली. रक्त आलं नाही.

"हलू नका हं."

"मी कुठं हललेय?" शहरबानू म्हणाली.

दुसऱ्या हातातून घ्यावं लागलं. ताईंनी मान वर न करता विचारलं, "आता कुठे असते ती?"

"खोलीचं कुलूप बदललं नं हारिसनं. माझ्याकडेच आहे, हॉलात पडद्यामागे. आम्ही चौघी होतोच, त्यात पाचवी."

'ती बाई मीच,' असं सांगायला ताईंनी तोंड उघडलं, आणि त्या म्हणाल्या, "कापूस दाबून धरा."

घरी आल्यावर त्यांनी जुईलीपाशी मन मोकळं केलं. पोरीने कानातले हेडफोन काढले. "वेट. आई, यू एट हर शिरा अँड देन सेड नो?"

"तसं नव्हतं गं ते."

"मग कसं होतं?"

ताईंनी राजाभाऊंना फोन लावून सगळं सांगितलं.

"अहो, पण तिने बोलायला नको का?" राजाभाऊ चिडले.

"कुणाशी बोलणार, भाऊ? आपण पाहुणे म्हणून गेलो. पाहुण्यांसारखं खाल्लं. आणि हिशेब मात्र नगरपालिकेसारखा केला."

"मीही खाल्ला शिरा," राजाभाऊ पुटपुटले. "घर बघायला जायचा नियम काढून टाकू. तिच्या घरमालकाशी मी आजच बोलतो."

ते बोलले. पण खोलीत नवं कुटुंब राहायला आलं होतं. जे छप्पर जाऊ द्यायचं नाही म्हणून समिती काढली, ते जाऊन बसलं होतं. नवी खोली मिळाली की भाडं मंडळ भरेल, एवढंच हाती उरलं. हा निरोप फोनवर देता आला असता. ताई स्वतः गेल्या.

शहरबानूने दार उघडलं, ओळखलं. "अगोबाई, रक्तवाली बाई!"

"रक्तवाली आणि शिरा खाल्लेलीही," ताई म्हणाल्या. "ती बाई मीच."

शहरबानूच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. ती दारातून बाजूला झाली. आत देवयानी पडद्यामागून बाहेर आली, ओढणी सारखी करत. ताईंनी निरोप सांगितला, माफी मागितली. फार शब्द नव्हते आणि जे होते ते सगळे हलके पडत होते.

"बसा ना," देवयानी म्हणाली. "चहा टाकते."

"नको गं, खरंच नको."

"घ्या हो, ताई." तिने कप पुढे केला. सोनेरी काठाचा. "आज उसना नाही आणावा लागला. आता मी इथेच राहते ना."

ती टोमणा मारत नव्हती. ताईंना वाटलं, मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो चहा तळापर्यंत प्यायला आणि कप विसळायला उठल्या.

देवयानीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "राहू द्या. तुम्ही पाहुण्या आहात."