भरतीला मोजलेला चिखल

आवडाबाईंच्या टोपलीतली चिंबोरी कधी पोकळ निघत नाही. म्हणजे निघते, खेकडाच तो, कधी आत मांस नसतं; पण त्या आधीच सांगतात. ढोकाळी नाक्यावर बसून गिऱ्हाइकाच्या तोंडावर: "आज नको घेऊ. पोकल हाय." मी एकदा म्हटलं, मावशी, असा धंदा करतात का? तर म्हणाल्या, "तू लोकांना कागद दाखवत फिरतोस, तो काय धंदा हाय?"

तेव्हापासून आमचं जमतं.

मी रवींद्र. राहायला डोंबिवलीजवळ कोपरला, बारावी नापास. माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहिण्यात अकरा वर्षं घातली. कायदा कुठे शिकलेलो नाही, पण शिकलेल्यांना घाम फोडलाय. अकरा वर्षांत एकच पाहिलं: कागद मरतो. फाईल गहाळ होते, नोंदवहीचं पान बदलतं, आणि विचारलं तर उत्तर येतं, 'तांत्रिक चूक'. म्हणून ब्लॉकचेनचं नाव ऐकलं तेव्हा मी पेटलोच. न मरणारा कागद! आता बघू कोण पान फाडतंय.

कोलशेतच्या खाडीला लागून आवडाबाईंचा पाडा, बेचाळीस घरांचा. काठाने फिरायचा रस्ता होणार होता आणि रस्त्याला कुंपण. कुंपणात दारं ठेवणार ती फक्त ज्यांचा खाडीवर वापर नोंदलेला असेल त्यांच्यासाठी. ही नोंद ब्लॉकचेनवर करायचं काम एका कंपनीला मिळालं. लोकांना समजवायचं मी फुकटात अंगावर घेतलं.

होडीवाल्यांचा प्रश्न नव्हता, त्यांच्या होड्या दिसतात. पण पाड्यातल्या अकरा बायकांना होडी नाही. सुकती लागली, पाणी उतरलं, की त्या गुडघाभर चिखलात पायी जातात आणि बिळात हात घालून चिंबोऱ्या आणि निवटे, म्हणजे चिखलातले बुळबुळीत मासे, काढतात. आवडाबाई चाळीस वर्षं जातायत. दार मिळालं नाही तर त्या दिवशी सगळं संपलं.

देवळापुढे मी सभा घेतली. "नोंदवहीच्या हजार प्रती, हजार ठिकाणी. एकाने पान बदललं की बाकीच्या ओरडतात."

"म्हंजे आमच्या आळीसारखंच," आवडाबाई म्हणाल्या. "एक खोटं बोलली का बाकीच्या बोंबलतान." सगळ्या हसल्या. "पन पयलं पान कोन लिवनार?"

"मशीन. वरून ड्रोन फिरणार, जागा उपग्रह सांगणार. माणसाचा हातच नाही, मावशी!" मी छाती पुढे काढून सांगितलं. आठवलं की आजही कान तापतात.

मोजणीचा दिवस मीच ठरवला. रविवार, सकाळी अकरा. दोनदा विचारलं, सगळ्या घरी असाल ना? म्हणाल्या, असू. असणारच की! अमावास्या होती. उधाणाचं पाणी दुपारच्या आत काठाला टेकतं, चिखल दिसत नाही, म्हणून तर बाया घरात. डोंबिवलीत नळाला पाणी किती वाजता येतं ते मला पाठ. खाडीला कधी येतं, ते कोणाला विचारलं नाही. बायांना वाटलं, आज फक्त नावं लिहून घेणार.

कंपनीचा सुशांत आला. पोरगा सरळ, बूट चकचकीत. ड्रोन उडवला, मोजलं, गेला. गुरुवारी मोबाइलवर नकाशा उघडला. होड्यांची जागा बरोबर. त्याच्या खाली, जिथे आवडाबाईंचं आयुष्य गेलं तिथे, चार शब्द: 'पाणी. वापर आढळला नाही.'

सुशांतला फोन लावला. तो म्हणाला, "सर, सील झालं. आता कोणीच बदलू शकत नाही. तुम्हीच तर सांगितलेलं ना, हाच फायदा आहे म्हणून."

शिवी तोंडात आली. पण द्यायची कोणाला?

आवडाबाईंना सांगायला गेलो तेव्हा त्या चिंबोऱ्यांचे नांगे बांधत होत्या. ऐकून घेतलं. मग एक चिंबोरी माझ्या हातात दिली. "कशी बांधलीय?"

"घट्ट."

"भरलेली हाय?"

"काय माहीत?"

"आं! घट्ट बांधली म्हनून भरलेली होत नाय. तुजा कागद निदान मरायचा रं. तू तर खोटं अमर करून ठेवलंस."

चिंबोरी टोपलीत ठेवून मी मोबाइलवर नोंदणीचे नियम पुन्हा वाचायला लागलो.

एकच गोष्ट बाकी होती. मोजणी सील झाली तरी बेचाळीसही घरांचे अंगठे झाल्याशिवाय यादी बंद होणार नव्हती, आणि अंगठे पुढच्या सोमवारी. होडीवाल्यांचा पुढारी तानाजी दारात येऊन उभा राहिला. "वयनी, अंगठा दे नि मोकली हो. तुज्यापायी आमची दारं अडकतील."

"तुला होरी हाय, तुला दार हाय. मी काय कुंपनावरून उडी मारू?"

सोमवारी अष्टमी. अष्टमीला भर दुपारी सुकती. सुशांत मशीन घेऊन देवळापाशी आला तर तिथे कुत्रंसुद्धा नाही. होडीवाले काठावर जमलेले, आणि अकराही बाया खाडीच्या चिखलात उभ्या.

"अंगठा पायजे ना?" आवडाबाई ओरडल्या. "ये! बूट काढ!"

तो उतरला. मीही उतरलो. गुडघ्यापर्यंत रुतलो तशा आवडाबाई मला म्हणाल्या, "आता इचार तुज्या उपग्रहाला, मी पान्यात हाय का?" वाकल्या, बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि निवटा काढून सुशांतच्या तळहातावर ठेवला. तो सटकून थेट त्याच्या शर्टात. काठावर तानाजीसुद्धा हसायला लागला.

सुशांत म्हणाला, "आजी, जुनी नोंद पुसता येत नाही. पण तिच्याखाली नवी जोडता येते. त्याला साहेबांची परवानगी लागते."

"मंग इचार. तवर आमी हितंच. कुनाचा अंगठा नाय."

साहेब तासभर फोनवर येईनात. बाया तेवढ्यात कामाला लागल्या, टोपल्या भरत आल्या. पाणी वळून पुन्हा चढायला लागलं तेव्हा परवानगी आली. गाडीतला ड्रोन पुन्हा उडाला. सुशांतने विचारलं, "आधीची चूक कशामुळे झाली म्हणून लिहू?"

मी पटकन म्हणालो, "लिही, तांत्रिक चूक."

आवडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाक्यावर गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, "पोकल हाय."

दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडून ज्याचं नाव झालं, त्याला स्वतःची एक ओळ जड जात होती.

"लिही," मी म्हणालो. "मोजणीची वेळ रवींद्र याने भरती-सुकती न विचारता ठरवली."

मग पदराला चिखल पुसून अकरा अंगठे उठले. पहिला आवडाबाईंचा.

ती नोंद आजही आहे. वर खोटं, खाली खरं, मध्ये माझं नाव. जगात कुठूनही वाचा. लोक विचारतात, ब्लॉकचेनने माणसं प्रामाणिक होतात का? मी सांगतो, मशीन लिहिलेलं जपतं. माझ्याकडून खरं लिहवून घेतलं ते चिखलात उभ्या राहिलेल्या एका बाईने.

कुंपण यायचंय अजून. नकाशात बायांचं दार आहे. प्रत्यक्षात ठेवलं नाही तर मीही इथेच आहे, आवडाबाईही आहेत. आणि अष्टमी महिन्यातून दोनदा येते.