काच कुणी चिकटवली

संजीवनी निकम या बाईवर मी जितकी चिडले आहे तितकी माझ्या नवऱ्यावरही चिडलेले नाही, आणि नवरा तसा चांगलाच चिडण्याजोगा आहे. बाईंनी माझं काही वाकडं केलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

मी आर्किटेक्ट. मुंबईत शिकले आणि २००९ पासून सिंगापूरला नोकरी करते. आमच्या धंद्यात इमारत उभी राहण्याआधी तिचं छोटं मॉडेल करून क्लायंटला दाखवावं लागतं, कारण क्लायंटला नकाशा कळत नाही आणि कळत नाही हे कबूलही करवत नाही. आमची मॉडेलं तोआ पायोहमधल्या कोह अंकलच्या वर्कशॉपमध्ये होत. जुन्या कारखान्यांच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर दोन खोल्या, एक लेझर कटर, आणि खिडकीपाशी पाठ करून बसलेल्या संजीवनीताई.

ताई साताऱ्याच्या. तिथेच कधीतरी चित्रकलेचा डिप्लोमा केलेला. नवरा अभय जहाजावर इंजिनियर, सहा महिने समुद्रात. त्याच्यामागे डिपेंडंट पासवर आल्या आणि फ्लॅटच्या चार भिंती बघून कंटाळल्या. वर्कशॉपच्या दारावरची पाटी वाचून थेट आत शिरल्या आणि कोह अंकलच्या हातातली कात्री घेऊन त्यांना झाड करून दाखवलं. अडीच सेंटिमीटरचं सोनमोहराचं झाड, तारेचं आणि रंगवलेल्या स्पंजचं. कामाची परवानगी यायला दोन महिने लागले, पण अंकल त्याच दिवशी त्यांना ‘सेंजी’ म्हणायला लागले.

हात सोन्याचे होते, यात वादच नाही. वाद तोंडाचा होता. मॉडेल करणाऱ्याने कागदावर आहे ते करावं, एवढीच अपेक्षा असते. या बाई प्रश्न विचारत. सकाळी मी सेरंगूनला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एका पायावर उभी, आणि फोनवर ताई: “प्रणिता, चौदाव्या मजल्यावर ओले कपडे कुठे घालायचे गं?”

“ताई, ड्रायर आहे.”

“ड्रायर बंद पडला तर?”

“ताई, एकास शंभरच्या मॉडेलमध्ये ड्रायर बंद पडत नाही!”

डब्यातली माणसं वळून बघत. मी फोन बंद करी आणि पुढची तीन स्टेशनं त्या चौदाव्या मजल्यावरचे कपडे माझ्या डोक्यात ओले राहत.

आता आमच्या साहेबांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा सुती शर्ट, बाही नेहमी दुमडलेली. त्यांचं एक वाक्य आमच्या ऑफिसात शिरल्याशिरल्या दिसेल असं लावलं होतं: ‘भिंत हा शेवटचा उपाय.’ आधी सावली, मग वारा, मग पाणी, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच भिंत. थंड देशांतल्या बंद पेट्या उचलून आपण या उष्ण दमट मुलखात का ठेवतो, असं ते विचारत आणि ऐकणारे माना डोलवत. मीही डोलवत होते. मी त्यांच्याकडे नोकरीला आले ती त्या वाक्यासाठीच. ते वाक्य ज्या खोलीत लावलं होतं तिथे एसी बावीसवर असे आणि मी वर्षभर शाल घेऊन बसे, हा भाग वेगळा.

२०११ मध्ये प्रोफेसरांनी आग्नेय आशियातल्या आधुनिक वास्तुकारांवर व्याख्यानं दिली. त्यासाठी तीन मॉडेलं हवी होती: कंबोडियाच्या व्हान मोलिवान यांचं नॉम पेनमधलं स्टेडियम, मलेशियाच्या केन यांग यांचा क्वालालंपूरजवळचा गोल टॉवर, आणि फिलिपिन्सच्या लेआंद्रो लोक्सिन यांचं मनिलातलं नाट्यगृह. मी नकाशे आणि फोटो देऊन आले. सहा आठवड्यांनी मॉडेलं बघायला गेले तर ताईंनी तिघांना नावं ठेवून दिलेली. मोलिवान म्हणजे ‘पाण्याचा माणूस’.

“बघ की. माती खणली तिथं पाण्याचे चर केले, आणि त्याच मातीचा बांध करून वर माणसं बसवली. पाऊस येणार हे त्यानं आधीच धरलंय. पावसाशी भांडत नाही.”

यांग म्हणजे ‘उन्हाचा माणूस’. “लिफ्ट, जिने सगळं पूर्वेला ढकललंय ह्यानं. सकाळचं ऊन लिफ्टनं खायचं, माणसानं नाही. आणि झाडं कशी वळत वळत वर नेलीत बघ, जिन्यावरून चढल्यासारखी.”

लोक्सिनवर त्या जरा नाराज होत्या. “एवढा मोठा दगडी ठोकळा अधांतरी धरलाय. देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण मला तो डिंकानं चिकटवताना घाम फुटला. ह्याला वजन कळतं आणि ते लपवायचं कसं तेही कळतं.”

प्रोफेसरांनी या तिघांवर चाळीस पानं लिहिली होती आणि ती मी टाइप केली होती. त्यात याहून फारसं जास्त काही नव्हतं. हे मी ताईंना सांगितलं नाही. मी म्हणाले, “ताई, झाडांचा रंग जरा फिका हवा होता.”

मग २०१३ साल आलं आणि मरीन परेडचा तो कॉन्डो. समुद्राकडे तोंड केलेली चोवीस मजली इमारत, मध्ये वरपासून खालपर्यंत मोकळा चौक, आणि तळमजला दोन मजले उंच, अगदी रिकामा. इथल्या सरकारी इमारतींखाली असतो तसाच, पण ऐसपैस. समुद्राचा वारा खालून शिरायचा, चौकातून वर चढायचा आणि प्रत्येक घराच्या मागच्या खिडकीतून आत यायचा. प्रोफेसरांच्या आयुष्यभराच्या बोलण्याचा हा पुरावा होता. ते तसं म्हणतही. काम माझ्याकडे होतं.

जानेवारीत क्लायंट म्हणाला, तळमजला रिकामा कशाला? तिथे काचेचा पार्टी हॉल करा. मी केला. नकाशांतल्या चौदा नंबरच्या कागदावर दोन रेघा ओढल्या, समुद्राच्या बाजूला एक काच, मागच्या बाजूला एक. वाऱ्याचा हिशेब आम्ही नोव्हेंबरमध्ये कॉम्प्युटरवर करून घेतला होता. काच घातल्यावर तो पुन्हा करून घ्यायला हवा होता. मी करणार होते. खरंच करणार होते. प्रोफेसरांनी सगळा गठ्ठा लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सही करून परत दिला आणि मग ते राहूनच गेलं.

मार्चमध्ये एका बुधवारी मी मॉडेल बघायला गेले. शुक्रवारी क्लायंट येणार होता. मॉडेल तयार होतं, माझ्या छातीपर्यंत उंच, आणि इतकं सुंदर की मी वाकून एकेक खिडकी बघत गेले. तेवढ्यात ताईंनी काडेपेटी काढली.

प्रत्येक मॉडेल हातावेगळं करण्याआधी त्या उदबत्ती लावत. एरवी ती टेबलाच्या कोपऱ्यात लावत, मी दुर्लक्ष करी. आज त्यांनी ती मातीच्या गोळ्यात खोचून थेट मॉडेलच्या चौकात ठेवली.

“ताई! अ‍ॅक्रिलिक आहे ते! पेटेल!”

“काही नाही पेटत. घराच्या मधोमध लावायची असते.”

मी काढायला हात घातला आणि थांबले. टेबलफॅन समुद्राच्या बाजूने चालू होता. तरी धूर चौकात नुसता घुटमळत होता. चोवीस मजले भरले आणि तो तिथेच बसून राहिला.

ताईंनाही ते दिसलं. त्यांनी फळीवरून नोव्हेंबरचं छोटं कच्चं मॉडेल काढलं, मोकळ्या तळमजल्याचं. दुसरी उदबत्ती त्याच्या खाली धरली. धूर खालून शिरला, सरसर वर चढला आणि खिडक्याखिडक्यांतून बाहेर पडला.

“अय्या,” कोह अंकल म्हणाले.

“ही काही परीक्षा नव्हे,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “पुठ्ठा आणि उदबत्ती यांच्यावर इमारती ठरत नाहीत. याला शास्त्र असतं. ताई, प्लीज, ते विझवा आणि खिडक्या उघडा, प्रोफेसर येतायत.”

ते आलेच होते. दारात उभे होते. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, हे काय? मी ताईंकडे बघून डोळे मोठे केले. माझ्या मुलीला तेवढं बघून समजतं. ताईंना समजलं नाही. त्यांनी मोठ्या हौसेने दोन्ही मॉडेलांत पुन्हा धूर करून दाखवला, आधी हे, मग ते, आपल्या मोडक्या इंग्रजीत. “सर, हिअर एअर स्टक. हिअर एअर गो.”

प्रोफेसर वाकून बघत राहिले. मग त्यांनी बोट तळमजल्याला लावलं.

“काच कुणी लावली?”

उत्तर सोपं होतं. मी लावली, तुम्ही सही केली. पण माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याचं, नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं, मुलगी पहिलीत होती, आणि प्रोफेसर मला सगळ्यांसमोर ‘माझी सर्वांत काळजीपूर्वक काम करणारी’ म्हणत.

“सॉरी सर,” ताई म्हणाल्या. “माय मिस्टेक. आय फिक्स टुमारो.”

मी बाईकडे बघतच राहिले. कोह अंकलही. ताईंच्या टेबलावर माझा चौदा नंबरचा कागद पडलेला होता, खाली प्रोफेसरांची सही होती, आणि प्रोफेसर त्या कागदापासून दोन हातांवर उभे होते. त्यांची नजर त्यावर गेली. मी ती जाताना पाहिली. ते म्हणाले, “ठीक आहे. काढून टाका,” आणि निघून गेले.

गुरुवारी काच निघाली. मी ऑफिसात बसून मनाची समजूत घातली की झालं ते उत्तमच झालं. वाऱ्याचं काम झालं, हॉलचं क्लायंटला प्रोफेसर समजावतील, प्रोफेसरांचं वाक्य राहिलं, माझी नोकरी राहिली, आणि ताईंना मी नंतर एकट्यांना गाठून आभार मानीन.

शुक्रवारी क्लायंट आला. मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “माझा हॉल कुठे आहे?”

खोलीत नऊ माणसं होती. मी प्रोफेसरांकडे बघितलं. मला खरंच वाटलं, आता ते बोलतील. भिंत हा शेवटचा उपाय, सावली, वारा, सगळं. चाळीस वर्षं ज्या एका क्षणासाठी माणूस बोलत असतो तो हा क्षण, असं मला वाटलं. ते चष्मा पुसत होते.

“मॉडेल करणाऱ्यांची चूक,” ते म्हणाले. “हॉल आहेच. हो ना, प्रणिता?”

आणि मी मान डोलावली.

काच परत लागली. ती आमच्याच ऑफिसातल्या एका पोराने लावली, वेडीवाकडी. कोह अंकलच्या वर्कशॉपकडे आमचं काम जाणं बंद झालं. चूक करणाऱ्यांकडे पुन्हा कसं जायचं? अंकलनी ताईंना काढलं नाही, पण त्या आठवड्यातून तीनच दिवस जाऊ लागल्या. कॉन्डो २०१६ मध्ये उभा राहिला. मी एकदा जाऊन आले. चौकात उभं राहवत नाही. मागच्या सगळ्या खिडक्या बंद आणि प्रत्येकीखाली एसीचं यंत्र, सगळी मिळून चौकातच गरम हवा टाकणारी. प्रोफेसर व्याख्यानांत त्याचा फोटो दाखवतात, समुद्राच्या बाजूने काढलेला. लोक माना डोलवतात.

ताईंना मी चार वर्षं भेटले नाही. दोनदा एमआरटीत दिसल्या, दोनदा मी डबा बदलला. शेवटी २०१७ मध्ये मलाच राहवेना, म्हणून फोन केला. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, भेटलो. त्या आधीच येऊन बसल्या होत्या, माझी कॉफी घेऊन. केस बरेच पांढरे झाले होते. मी तयारी करून आले होते. सगळं सांगितलं: जानेवारी, चौदा नंबरचा कागद, राहिलेला हिशेब, शुक्रवारची मान. रडलेसुद्धा, शेजारच्या टेबलावरच्या आजी बघत असताना.

“तुम्ही मला वाचवलंत, ताई. आणि मी साधे आभारसुद्धा मानले नाहीत.”

ताई माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होत्या.

“तुला वाचवायला कुठं बोलले मी?”

“तुम्ही म्हणालात ना, चूक माझी.”

“माझीच होती की. चिकटवली कुणी? ह्या हातांनी मी. त्याआधी प्रत्येक मजल्याला मी तुला विचारलं होतं, कपडे कुठे, वारा कुठून. त्या दिवशी उशीर झाला होता, अभयचा फोन यायचा होता, म्हणून न विचारता लावून टाकली. बंद होतंय ते लावताना दिसत होतं मला. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता.”

“पण कागदावर मीच काढली होती, ताई! तुम्ही काय करणार होतात?”

“कागदावर काय, कुणीही काहीही काढतं,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. तोच तर त्रास आहे या बाईंचा, की टोमणा नसतो. चार वर्षं मी ज्याला उपकार समजून वाहत होते तो उपकार नव्हताच. बाईंनी फक्त स्वतःची चूक कबूल केली होती. त्या खोलीत तेवढं करणारं दुसरं कुणी नव्हतं. आभार मानायचीसुद्धा सोय ठेवली नाही मला.

कॉफी संपली. ताईंना घाई होती, कुठल्यातरी शाळेचं मॉडेल द्यायचं होतं. उठता उठता त्यांनी विचारलं, “आता तू मोठी झालीस म्हणे ऑफिसात. कागद तुझ्या सहीने बाहेर पडतात?”

“हो.”

“बघून करतेस ना?”

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात आठवलं की त्याच सकाळी मी एक गठ्ठा टॅक्सीत सह्या करून परत दिला होता.