दुर्बिनीचे पाय

त्या सकाळी वावरात कोन कोन होतं ते आधी सांगतो, कारन मांगून अर्धं गाव म्हनू लागलं का आमीबी होतो. होतो आमी पाच जन. माहे भासरे, म्हंजे मालकाचे मोठे भाऊ, मचानावर बंदूक घेऊन. माही जाऊ, म्हंजे भासऱ्याची बायको, मचानाच्या खाली, हासू येऊ नाई म्हून तोंडात पदराचा बोळा घालून. सुकदेव लोहार धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या बांधावर, उकिडवा. मी बोरीच्या झुडपामांगं. अन आमची बकरी बिजली, जिच्याबिगर माहं अन भासऱ्याचं एक अक्षर बोलनं होत नव्हतं. सहावं बुजगावनं होतं, पन त्याचं मुंडकं थोड्या वेळात गेलं, म्हून त्याले धरत नाई.

माह्या भासऱ्यासारखा चोखंदळ मानूस वर्धा जिल्ह्यात झाला नाई अन व्हाचाबी नाई. लोक बायको पसंत कराले एक दिस घेत, बैल पसंत कराले एक बजार. भासऱ्यायनं दुर्बिनीचे पाय पसंत कराले नागपंचमीपासून दसऱ्यापावतर घेतले. त्यायची बंदूक लायसनची होती. गोरा जंगल-साहेब देश सोडून जातानी देऊन गेलता, काऊन का भासरे त्याच्या शिकारीत हाका कराले, म्हंजे जनावरं उठवाले, जात. दुर्बीनबी त्यानंच देली, मखमलीच्या डब्यात, वीतभर लांब. पन ती बंदुकीवर ज्या पायांवर उभी राहे ते पितळी पाय साहेबाच्याच हातून हरपलते. मंग हे पाय सुकदेव लोहाराच्या भात्यावर नव्यानं कराचे होते. अन पाय कराचे म्हंजे पयले उंची ठरवाची.

तुमी म्हनसान, उंचीत काय मोठं. मीबी तसंच म्हनत होती. पन भासरे ज्याले त्याले धरून समजावत. गाल बंदुकीच्या कुंद्यावर, म्हंजे मांगच्या लाकडावर, टेकला पाहिजे, बाळ मायच्या खांद्यावर टेकते तसा. अन गाल टेकल्यावर डोळा आपल्या मनानं दुर्बिनीच्या काचेसमोर आला पाहिजे. दुर्बीन लय उंच झाली तं डोळ्याले मान वर करा लागते, गाल हवेत लोंबते. लय ठेंगनी झाली तं तिचं पुढचं तोंड बंदुकीच्या नळीले घासते. सुकदेव म्हने, "उंचच करू ना जी, मान ताठ राहीन, राजावानी." भासरे म्हनत, "गाल हवेत तं डोळा हवेत. डोळा हवेत तं गोळी हवेत. डुकरं खाली मान घालून जेवतीन अन तू राजा होऊन पाहाजो."

बराबर उंची पाहाची त्यायची एक रीत होती. डोळे मिटाचे, गाल कुंद्यावर ठेवाचा, मंग डोळे उघडाचे. काच पुरी गोल उजेडाची दिसली तं उंची बराबर. कडेले काळी कोर दिसली तं चुकली. हे दिसातून पन्नास वेळा चाले, अन हरेक वेळी ते मोठ्यानं तिथी सांगत. "अष्टमी." मंग एक पाय कानशीनं घासत, पुन्हा डोळे मिटत. "द्वादशी." माही जाऊ चुलीपासून म्हने, "बाहेर पोळा सरला, अन आमच्या घरी अमोशा सरून नाई राह्यली."

सागवानाचे पाय, बाभळीचे पाय, फुटक्या घंटीच्या पितळेचे पाय, असे सात जोड झाले. ठेवाले जागा म्हून त्यायनं जाऊबाईचा मसाल्याचा डबा धरला. एक दिवस वरनात सागवानी पाय निघाला. जाऊबाईनं तो तसाच वाटीत वाढला. भासऱ्यायनं तो बोटानं काढला, चाटून साफ केला, उजेडात धरला अन म्हनाले, "हाच मी तीन दिसांपासून धुंडून राह्यलो. शिजल्यानं सुताभर फुगला, पन." जाऊबाई म्हने, "फुगला तं फोडनी देऊ का?"

त्यायले मानसाचं तोंडबी गालावरून ओळखू ये. पोस्टमन आला का त्याचा गाल कुंद्यावर, साधू भीक मागाले आला का त्याचा गाल कुंद्यावर. पुतनीले, म्हंजे भासऱ्याच्या पोरीले, पाहाले पाव्हने आलते, तवा भासऱ्याले इचारलं का पोरगा कसा वाटते. म्हनाले, "गाल उत्तम हाय. दुर्बीन बोटभर उंचीवर बसन." सोयरीक झाली, अन संसारबी चांगला झाला, हे कबूल करा लागते.

हासून घ्या, पन माहा जीव त्या दुर्बिनीत अडकलता. मालक जाऊन दोन सालं झालती. ताप आला अन तीन दिसांत नेलं. मांगं राह्यलं नाल्याकाठचं तीन एकर वावर, पल्याड झुडपी जंगल. पयल्या साली रानडुकरायनं अर्धा भुईमूग उकरला, दुसऱ्या साली सारा. मी लोकायच्या पराटीत कापूस येचाले गेली, अंबाडीच्या भाजीवर दिस काढले. त्याचं काई नाई, बाकीच्या बायाबी काढत. पन तिसऱ्या साली भुईमूग शेंगावर आला अन सेलूहून माह्या भावाचं कार्ड आलं. औंदाबी पीक गेलं तं दिवाळीच्या मांगं बैलबंडी घेऊन येतो, तुले घेऊन जातो, वावर बटईनं देऊन टाकू. भाऊ वाईट नव्हता. पन बहीन भावाच्या घरी पाहुनी असते तवापावतरच गोड. कायमची चुलीपाशी बसली का भावजय तिच्या पानातलं मीठबी पाहाते. मले माहं वावर सोडून जावाचं नव्हतं. अन वावर वाचवाचं कबूल केलतं भासऱ्यायनं, भावाच्या तेरवीच्या दिवशी, चार लोकांत.

आता हे त्यायले सांगाचं कसं? आमच्यात भासऱ्यासमोर लहान्या भावाच्या बायकोचा पदर नाकापावतर, अन तोंडाले कुलूप. म्हून आमचं सारं बोलनं बिजलीसंग. ते बकरीकडे पाहून बोलत, मी बकरीकडे पाहून जवाब देई. कार्ड आलं त्या दिवशी मी म्हटलं, "बिजले, डुकरायनं भुईमुगाच्या दोन ओळी उकरल्या. डुकरायले तिथी समजत नाई." ते बाहेरून म्हनाले, "बिजले, सांग तिले, कार्ड जरासं पाहिजे." मले वाटलं वाचतीन. वाचलंबी असन. पन घेतलं ते मापाले. दुर्बिनीचं तोंड अन नळी, या दोघांत एक कार्ड सरकलं पाहिजे, कमी नाई जास्त नाई, असा साहेबाचा नेम होता म्हने. तवापासून माह्या भावाचं कार्ड नळीवर तेलात सरकू लागलं, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

अन घटाच्या चौथ्या माळेले आंगनातून आवाज आला, "पुनव." पुन्हा डोळे मिटले, उघडले. "पुनव." जाऊबाईनं खरंच दिवा लावला. दुसऱ्या दिवशी उजाडतानी आमी वावरात गेलो, तेच आमी पाच जन.

डुकरं झुडपाकडे परत निंघालीच होती. म्होरं एक दातेरी नर, मांगं दहा-बारा. भासऱ्यायनं तोंडातला तंबाखू थुंकला, डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. वरून हळूच आवाज आला, "अष्टमी." मंग त्यायनं मान वर केली, अन मान वर केल्यावर जे होते ते झालं. बुजगावन्याचं मडक्याचं मुंडकं फुटलं. डुकरं नाल्यापार. बंदुकीच्या धक्क्यानं दुर्बीन भासऱ्याच्या भिवईवर बसली अन रगत आलं. सुकदेव म्हने, "नेम तं बराबर लागला जी, मानूसच चुकला." जाऊबाईच्या तोंडातून पदराचा बोळा निंघाला अन ती पोट धरून बसली. मीबी हासली असती. पन त्या बुजगावन्याच्या आंगावर मालकाची निळ्या रेघाची बंडी होती, अन मुंडकं नसलं का ती लय ओळखीची दिसे.

भासरे दोन दिस बोलले नाई, बकरीसंगबी नाई. पट्टी बांधून आंगनात बसत अन पाय घासत. कुंदा गालाले लावत अन म्हनत, "पुनव. इथं पुनव. मंग तिथं काऊन अष्टमी?" मी दळता दळता पाहात होती. बाई मानसाले पदराआडून लय दिसते, कारन तिच्याकडे कोनी पाहात नाई. भासऱ्याच्या उजव्या गालात तंबाखू-सुपारीचा गोळा असे, मोठ्या बोराएवढा. झोपेतबी असे. घरी सात जोड पाय मापले ते त्या गोळ्यावर मापले. अन वावरात थुंकला.

मी जातं थांबवलं. म्हटलं, "बिजले, काई मानसायचा गाल घरी एक असते अन वावरात एक."

आंगनात कानस थांबली. "बिजले, कोनाचा गाल?"

"ज्याच्यात बोर असते त्याचा."

मंग आयकू आलं, "पुनव." मंग थुंकल्याचा आवाज. मंग, "अष्टमी." मंग पुन्हा चिमूट घातली अन "पुनव." मंग भासरे हासू लागले, असे का पट्टी सुटली अन बिजली दावं तोडून पळाली, अन तिले पकडून आनेपावतर आमचं बोलनं बंद राह्यलं.

बकरी आली. सुकदेवबी आला. तो म्हने, "मंग तंबाखू खाऊनच मारा ना." भासरे म्हनाले, "डुकराले तंबाखूचा वास कोसावरून येते, अन मले खोकला जवळून येते." सुकदेव म्हने, "तं पाय कमी करतो." पाय कमी केले, तं कार्ड सरकेना. दुर्बीन नळीले भिडली. वर जावाले जागा नाई, खाली याले जागा नाई. दोघं कपाळाले हात लावून बसले, सात जोड पाय समोर मांडून.

मी बिजलीले म्हटलं, "डोक्यावर घागर नीट बसली नाई तं आमी बाया घागरीचं बूड नाई कापत, अन डोकंबी नाई कापत. मधात चुंबळ ठेवतो."

सुकदेवले समजलं नाई. भासऱ्याले समजलं. ते उठले अन बंदूक वसरीत टेकवून, पाठ करून उभे राह्यले. मी त्याच दिवशी बुजगावन्याची बंडी उतरवली. दुसरं जाड कापूड घरात नव्हतं. चार पदर केले, आत सरकी काढलेला कापूस भरला, बोराच्या मापाची गादी शिवली अन कुंद्यावर नाडीनं बांधली. टाके वाकडे आले, पदर नाकापावतर असला का सुई दिसत नाई.

भासऱ्यायनं तंबाखू थुंकला, डोळे मिटले, गाल गादीवर ठेवला. डोळे उघडाले उशीर लावला. जाऊबाई म्हने, "झोपले का जी?" ते म्हनाले, "ह्या रेघा माह्या पाहन्यातल्या हायेत." मंग डोळे उघडून, हळूच, "पुनव."

दसरा झाल्यावर तिसऱ्या सकाळी तोच दातेरी नर पडला. एकाच गोळीत. बाकीचा कळप असा गेला का त्या साली नाल्याच्या अल्याड आला नाई. गावानं दोन दिस मटन खाल्लं अन ज्यायनं ज्यायनं खाल्लं ते सारे बुजगावनं फुटलं त्या सकाळीबी वावरात हजर होते, असं ते अजून सांगतात.

दिवाळीच्या मांगं भाऊ बैलबंडी घेऊन आला. वसरीत भुईमुगाची पोती पाह्यली, उकडलेल्या शेंगा खाल्ल्या, एक पोतं बंडीत टाकलं अन एकटाच वापस गेला. बंडी नजरेआड झाली तवा भासऱ्यायनं बिजलीसमोर कार्ड ठेवलं. लिवलेल्या बाजूनं तेल खाऊन खाऊन एक अक्षर राह्यलं नव्हतं. ते म्हनाले, "बिजले, तिले सांग, यावर आता काई लिवलं नाई. उलट्या बाजूनं फक्त तिचं नाव अन हे गाव राह्यलं." बिजलीनं कार्ड खावाच्या आधी मी उचललं.

त्या गादीवर त्यायनं मंग किती सालं गाल ठेवला. शिकार नसली तरी सांजच्या वक्ताले बंदूक पुसत, डोळे मिटून गाल टेकवत, अन उघडाची घाई नसे. तिथीबी सांगत नसत. आमी जावा जावा तिकडे पाहात नसू.

भासरे गेले त्याले लय सालं झाली. जाऊबाईबी गेली. लायसन त्यायच्या नावाचं, म्हून बंदूक ठान्यात जमा झाली अन तिथून कोनाकडे गेली ते आमाले समजलं नाई. पुतनीची पोरगी, माही नात, हे लिवून घेऊन राह्यली, म्हून एक गोष्ट सांगून ठेवतो. ती बंदूक ज्याच्या घरी असन त्यायनं दुर्बीन ठेवा, पाय ठेवा, ते लय मेहनतीचे हायेत. पन कुंद्यावर निळ्या रेघाची गादी असन, वाकड्या टाक्याची. तुमी तंबाखू खात असान तं ती तुमाले लागतच नसन. तेवढी गादी नाडी सोडून मले आनून देजा. तळेगावच्या बजारात कोनालेबी दुर्बीनवाल्याचं घर इचारा, माहं गाव अजून तेच हाय.