बहिरा हात

स्पिरिटच्या दिव्यावरचं उकळतं चंचुपात्र ते चिमट्याशिवाय उचलायचे आणि म्हणायचे, "कोमट हाय सर, बिलकुल कोमट." नववीची पोरं टाळ्या वाजवत. वडीगोद्रीकडच्या आमच्या शाळेत ते शिपाई होते, प्रयोगशाळाही तेच सांभाळत. सगळे त्यांना मामा म्हणत. मी विज्ञान शिकवायचो.

असा शिपाई तुम्हीही पाहिला असेल. नवे मास्तर रुजू झाले की मामा दुरूनच जोखत आणि माझ्या कानाशी येऊन सांगत, "ह्ये टिकत न्हाईत." बहुतेक खरं ठरे. वर्गाबाहेर रेंगाळणाऱ्या पोराला जावयासारखं विचारत, "साहेब, आत जाता, का हितंच खुर्ची टाकू?"

एकदा टेबल पुसता पुसता म्हणाले, "सर, ह्यो उजवा हात जरा बहिरा झालाय." मनगटाच्या वर रुपयाएवढा फिकट डाग होता. शिबं आहे असं त्यांच्या घरात ठरलं होतं आणि गंधक लावणं चालू होतं. मी डागाकडे नीट पाहिलं नाही. शब्द मात्र दुरुस्त केला. म्हणालो, "हात बहिरा नसतो मामा. कान ऐकतो, कातडी सांगते. मुका म्हणा."

ते हसले. "मंग मुका झालाय."

त्याच आठवड्यात संवेदनांचा धडा होता. कातडीत बारीक ग्राही असतात, टोचलं की त्यांची दारं उघडतात, क्षारांचे भारित कण आत शिरतात, टोचण्याची वीज होते आणि चेतातंतूंवरून मेंदूकडे धावते, असं सगळं फळ्यावर काढलं. मग मामांना वर्गात बोलावलं. डोळे मिटा, टोचलं की 'हां' म्हणा, असं सांगून त्यांचा उजवा हात धरला आणि टाचणी घेतली.

मी टोचली. ते गप्प. मामा नाटक करतात असं वाटून पोरं हसली. मी अजून दाबली. रक्ताचा थेंब आला. मामा डोळे मिटून तसेच हसऱ्या तोंडाने उभे.

"टोचा की सर. पोरं खोळंबली."

मी टाचणी टेबलावर ठेवली. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची सूचना मी कितीदा वाचली होती: फिकट डाग, बधिरपणा, कुष्ठरोग. मला कळलं होतं. वर्गाला मी सांगितलं, कष्टाचा हात आहे, घट्टे पडलेत. घंटा झाल्यावर साबणाने तीनदा हात धुतले.

मग मी भीत जगू लागलो. पोटाचं कारण सांगून मामांच्या हातचा चहा बंद केला. रोज आंघोळीच्या वेळी अंगावर डाग शोधायचो, खराट्याची काडी बोटांना टोचून पाहायचो. माझ्या मुलीची सोयरीक चालू होती. मामांचं नाव निघालं तर रोज त्यांच्यासोबत वावरणाऱ्या माझंही निघेल, एवढंच डोक्यात होतं. औषध फुकट मिळतं, वेळेवर घेतलं तर हात वाचतो, हेही त्याच भिंतीवर लिहिलेलं होतं.

चारेक महिन्यांनी दुपारच्या खिचडीचं पातेलं उतरवायला मामा धावले. फडकं एकच होतं, ते डाव्या हाताला घेतलं, उजवा तसाच लावला. पातेलं धरून, कुठं ठेवू म्हणून विचारत उभे राहिले. मी दारात होतो. त्यांनी नाक वर केलं.

"काय करपून राह्यलं, मावशी? खिचडी लागली का?"

खिचडी करणाऱ्या मावशींनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि त्यांची पळी गळून पडली. नाकाला कळलं होतं. हाताला पत्ताच नव्हता.

जालन्याच्या दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. आजार तिथं कळला. गोळ्यांनी तो बराही झाला, पण गेलेली जाणीव परत आली नाही. शाळेच्या अहवालात कारण मी लिहिलं: 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे भाजले.' खाली माझी सही आहे. गाव आजही तेच बोलतं. ते खोटं आहे. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. शब्दसुद्धा त्यांचाच बरोबर होता. सांगण्याआधी कातडीला ऐकावं लागतं. त्यांच्या हातात चटका ऐकणारं कुणी उरलंच नव्हतं.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. ते असताना एकदाच, माझ्या निवृत्तीनंतर, हे सांगायला त्यांच्या घरी गेलो होतो. ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या कपाळाला गाल लावून पाहत होते.

"हाताला कळत न्हाई, अन् गालाचा बी भरोसा न्हाई आता," ते म्हणाले. "सर, तुम्ही बघा बरं."

मी हात ठेवला. कपाळ नुसतं पेटलं होतं. म्हणालो, "खूप ताप आहे मामा. आत्ताच न्या."

त्यांच्या मुलानं मोटारसायकल काढली. पोरीला छातीशी धरून मामा मागे बसले.

"थांबा सर, आलोच."

गाडी वळणाआड गेली. ते परत यायच्या आत मी निघून आलो.