काविळीची नोटीस

"जोरात वाच," साहेब म्हणाले. "आणि वस्तीचं येतं तिथे जरा सावकाश. तेच लोकांना कळायला पाहिजे."

पालिकेच्या आरोग्य खात्याची खोली. सकाळचे साडेदहा. जन्माच्या, मृत्यूच्या दाखल्यासाठी आलेली माणसं बाकावर बसलेली. मी मधोमध उभी. हातात टाईप केलेला कागद. मी वाचला.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, शहरात काविळीचे रुग्ण आढळत असून नागरिकांनी पिण्याचे पाणी वीस मिनिटे उकळून वापरावे. नाल्यालगतच्या वस्तीतील अस्वच्छतेमुळे ही साथ पसरली असल्याने सदर वस्तीतून घरकामास येणाऱ्या महिलांना स्वयंपाकघरात प्रवेश देऊ नये व पिण्याच्या पाण्यास त्यांचा हात लागू देऊ नये."

"पुन्हा," साहेब म्हणाले.

मी पुन्हा वाचला. बाकावरच्या एका बाईंनी माझ्या बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

नाल्यालगतची वस्ती म्हणजे आमची वस्ती. घरकामाला जाणाऱ्या महिला म्हणजे माझी आई, शेजारच्या काकू, अर्धी वस्ती.

"साहेब," मी म्हटलं, "मी तिथेच राहते."

"माहीत आहे ना बाळ. म्हणूनच तर. तुमच्यातल्याच मुलीने सांगितलं की पालिकेने भेदभाव केला असं कुणी म्हणणार नाही."

ते हसून बोलत. आवाज कधी चढला नाही त्यांचा. स्वच्छता निरीक्षक होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला बाळ म्हणायचे. मला त्यांची भीती वाटायची ती त्या बाळ म्हणण्याचीच.

गावाचं नाव मी लिहीत नाही. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, या पट्ट्यातलं एक गाव समजा. नव्वदीची सुरुवात. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला, मग वडीलही फार टिकले नाहीत. मी दहावी पास. आमच्या विहारात जयंतीला माईकवर बोलले होते, ते कुणीतरी ऐकलं आणि पालिकेत पुकारा करायचं काम मिळालं. रोजंदारीवर. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधायचा, मागे बसून नोटीस वाचत गल्लीगल्लीत फिरायचं. उद्या पाणी येणार नाही. रविवारी मुलांना लस टोचणार आहेत. घरपट्टीची शेवटची मुदत. पालिकेत काय चाललंय ते गावाला माझ्या तोंडून कळायचं, आणि मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू.

रिक्षा आणि भोंगा लच्छूभाईंचा. उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी. पन्नाशीचे. पालिकेचा पुकारा त्यांच्याकडे कंत्राटावर होता. त्या दिवशी ते मराठी कागद बघून म्हणाले, "क्या लिखा है?"

मी सांगितलं.

त्यांनी कागद मला परत दिला. मग म्हणाले, "जो लिखा है वो पढ़ ले, बेटी. अपने को क्या."

आणि मी वाचलं. मला नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. कारण आमच्या वस्तीला अतिक्रमणाची नोटीस येऊन गेली होती आणि त्या फाईलवर साहेबांची सही लागायची. एक ट्रक, दहा माणसं, दुपारपर्यंत आमची घरं सपाट. हे आम्ही दुसऱ्या वस्तीत पाहिलं होतं. घरातली भांडी रस्त्यावर, आणि म्हातारी माणसं पत्र्यावर बसलेली. ते डोळ्यासमोर होतं, आणि मी वाचत होते. सोसायटीच्या सगळ्या गल्ल्या, बंगल्यांचा रस्ता, स्टेशनजवळचा बाजार. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा. माझा आवाज चांगला खणखणीत.

वस्तीत भोंगा न्यायचा नाही, असं सांगितलं होतं. यादीत आमचा रस्ताच नव्हता. म्हणजे साथ आमच्यामुळे आली हे सगळ्या गावाला सांगायचं, आणि पाणी उकळून प्या एवढं आम्हाला सांगायचं नाही. हे मला त्या दिवशी सुचलंही नाही. भीती असली की माणूस पुढच्या ओळीपलीकडे बघत नाही.

आई चार घरी भांडी घासायची. संध्याकाळची यायची ती त्या दिवशी दुपारी दोनलाच आली. पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं. मीही नुकतीच घरी आले होते. मला वाटलं, आता ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दोन घरं बंद झाली," ती म्हणाली. "दुसऱ्या घरच्या वहिनींनी मला गॅलरीत बोलावलं. म्हणाल्या, ऐका. मी ऐकलं."

मग पायातल्या चपला काढत म्हणाली, "आवाज लांबपर्यंत येत होता तुझा."

संध्याकाळपर्यंत सहा-सात बायकांची कामं गेली. मला कुणी काही बोललं नाही. नळावर गेले तर बायका बाजूला झाल्या, मला आधी भरू दिलं. ते जास्त लागलं. त्यानंतर मी नळापुरतीच बाहेर पडले. काम नव्हतं ते दोन दिवस दार लोटून आत बसले. आईला तेवढं म्हटलं की पाणी उकळ. ती म्हणाली, रॉकेल कुठेय. तरी तिने एक हंडा उकळला.

आमच्यापासून तिसरं घर शांतावहिनींचं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. सातवा महिना चालू होता. मला रेडिओ म्हणायच्या. "काय रेडिओ, आज पाणी येणार का नाही?" असं रोज दारातून विचारायच्या. त्या दोन दिवसांत त्यांनीही विचारलं नाही. त्या आजारी आहेत म्हणून विचारत नाहीत हे मला कळलं नाही. मला वाटलं, रागावल्यात. मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नवऱ्याने हाक मारली. आत गेले. वहिनी चटईवर. डोळे हळदीसारखे. कुणाला ओळखत नव्हत्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. आम्ही त्यांना उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"नळाचं," मी म्हटलं. "सोसायटीला जातं तीच लाईन. वस्तीच्या तोंडाशी एक नळ दिलाय."

"गरोदरपणात ही कावीळ फार वाईट," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "हे आजचं नाही. महिनाभरापूर्वी प्यायलेलं पाणी असतं ते."

मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गेल्या. पोटातलं मूलही गेलं. डॉक्टरीणबाईंचं खरंच असेल. दोन दिवस आधी मी सांगितलं असतं तरी त्या वाचल्या नसत्या. पण मी सांगितलं नव्हतं. पाणी उकळा हे मी अख्ख्या गावाला ओरडून सांगितलं, आणि तिसऱ्या घरात सांगितलं नाही. या गोष्टीला कुठलाही डॉक्टर उत्तर देऊ शकत नाही.

माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पालिकेतून बोलावणं आलं. मी गेले. साहेबांनी नवा कागद दिला. जुनाच मजकूर, फक्त एक ओळ वाढवलेली. "सदर वस्तीत काविळीने एक मृत्यू झाला असून नागरिकांनी वस्तीतील व्यक्तींशी संपर्क टाळावा."

वहिनींचं नाव नव्हतं. एक मृत्यू.

"साहेब, पाणी तपासलं का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

"कुठलं पाणी?"

"लाईनचं. सोसायटीतही पेशंट आहेत ना. ते कुठे आमच्या घरी जेवायला येतात?"

साहेब हसले. चष्मा काढून पुसला. "बाळ, तुझं काम वाचायचं. विचारायचं नाही. ती अतिक्रमणाची फाईल मी दाबून धरलीय, माहीत आहे ना? कुणासाठी? तुमच्याचसाठी ना?"

मी कागद घेऊन खाली आले. रिक्षात बसले. सोसायटीच्या पहिल्या वळणावर रस्ता खणलेला होता म्हणून लच्छूभाईंनी रिक्षा थांबवली. खड्ड्यात आमच्या पाणी खात्याचा वॉलमन कान्हा उतरला होता. पाणी सोडायचं, बंद करायचं काम त्याचं. सोनिवलीच्या पलीकडचा, डोंगराकडच्या पाड्यावरचा. मी उतरून बघितलं. गटार फोडलेलं होतं आणि गटाराच्या मधून पिण्याच्या पाण्याचा पाईप गेला होता. पाईपाच्या जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. काळ्या पाण्यात बुडालेली.

"हा काय, कान्हा?"

"पाईप गटारान हाय, बाय," तो म्हणाला. "पाणी बंद झाला का गटारीचा आत खेचतंय. मी दोन बारी सांगला साहेबाला. ट्यूब बांध बोलला."

"कधी?"

"पावसाच्या आधी."

मी तिथे उभी राहिले. ती लाईन सोसायटीला जाते आणि पुढे आमच्या नळाला येते. घाण आमच्याकडून त्यांच्याकडे जात नव्हती. वरून आमच्याकडे येत होती. आणि साहेबांना ते माहीत होतं. पावसाच्या आधीपासून माहीत होतं. माहीत असूनच त्यांनी ती नोटीस टाईप करून घेतली होती, आणि वाचायला मला उभं केलं होतं.

मला धाडस आलं असं नाही. मला थंडी वाजत होती. दात वाजतील इतकी, भर उन्हात. रिक्षात बसले, माईक हातात घेतला, कागद घडी करून मांडीखाली ठेवला.

"नागरिकांनो," मी म्हटलं, "पिण्याच्या पाण्याचा पाईप गटारात आहे. जोड फुटलाय. वळणावर खड्डा आहे, जाऊन बघा. पाणी उकळून प्या. कावीळ या पाण्याने आलीय. वस्तीतल्या बायकांनी आणलेली नाही. मागच्या आठवड्यात मी जे वाचलं ते खोटं होतं."

लच्छूभाईंनी मान वळवली. "बेटी, काग़ज़ में ये नहीं लिखा."

"नहीं लिखा."

भोंग्याचं बटण त्यांच्या गुडघ्यापाशी होतं. हात तिकडे गेला, थांबला. रिक्षा पुढे निघाली. तीन गल्ल्या झाल्या. गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. कुणीतरी वरून विचारलं, कोण बोलायला सांगतंय तुला? मी तेच पुन्हा म्हटलं. चौथ्या गल्लीच्या तोंडाशी लच्छूभाईंनी बटण बंद केलं.

"बस. अभी बस. मेरे भी बच्चे हैं."

"एक बार बस्ती में चलो. फिर बंद करो."

त्यांनी हँडल वस्तीकडे वळवलं. बटण पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी आमच्या वस्तीत पालिकेचा भोंगा पहिल्यांदा आला. मी वहिनींच्या दारासमोर बसून पाणी उकळा म्हणून सांगितलं. बायका दारात उभ्या होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई आत भांड्यांचा आवाज करत राहिली, बाहेर आली नाही.

तासाभरात बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीत एक पोलीस बसला होता, चहा पीत. माझ्याकडे बघतही नव्हता. ते मुद्दामच असावं. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"लिहून दे. माझ्याकडून चुकून अफवा पसरवली गेली, त्याबद्दल मी माफी मागते. सही कर, घरी जा. नाही तर हे हवालदार आहेत."

पेन हातात घेतलं. वस्ती डोळ्यांपुढे आली. ट्रक आला. आई पत्र्यावर बसलेली दिसली. लघवीला होईल असं वाटलं. आणि तरी मी लिहिलं ते वेगळंच लिहिलं. सोसायटीच्या पहिल्या वळणावर पाण्याचा पाईप गटारात असून त्याचा जोड फुटला आहे. पावसाच्या आधी तोंडी कळवलेलं आहे. वस्तीबद्दलची नोटीस खोटी आहे, ती मागे घ्यावी. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. वॉलमनचं नाव लिहिलं नाही. त्याला पोट होतं.

साहेबांनी वाचलं. पहिल्यांदा ते हसले नाहीत.

मी कागद उचलून बाहेर आले, आवक-जावकच्या टेबलावर ठेवला. तिथल्या बाईंनी मान वर न करता शिक्का मारला, नंबर घातला. शिक्का मारायची त्यांना सवय होती, तेवढंच. हवालदार मागे आला होता. त्याने शिक्का पाहिला, कागद आता दप्तरी लागला होता, आणि परत आत गेला.

काम गेलं. लच्छूभाईंचं कंत्राटही पुढच्या वर्षी दुसऱ्याला गेलं. माझ्याशी त्यानंतर ते बोलले नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. पाईप काही आठवड्यांनी बदलला, गटाराच्या वरून घेतला. कुणी काही जाहीर केलं नाही. आईची चारही घरं सुटली होती, त्यातलं एक परत मिळालं, बाकी मिळाली नाहीत. ती उल्हासनगरला जीन्सचे धागे कापायला जायला लागली, बरोबर मीही. वस्ती पाडायला ट्रक आला नाही. पण वर्षानुवर्षं गाडीचा आवाज आला की मी दारात येऊन बघायचे. अजून बघते.

ती नोटीस मात्र मागे घेतलेली नाही. पालिकेच्या दप्तरात आम्ही अजून रोग पसरवणारे आहोत. साहेब निवृत्त झाले. नवे आले, तेही गेले. प्रत्येक नव्या साहेबाकडे मी अर्ज घेऊन जाते. जाताना अजून हात थंड पडतात. आता ते म्हणतात, बाई, जुनं प्रकरण आहे, एक पत्र देतो, घरी ठेवा.

पत्र नको. ज्या गल्ल्यांतून ते खोटं फिरलं त्याच गल्ल्यांतून खरं फिरलं पाहिजे, भोंगा लावून, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, आणि त्यात शांतावहिनींचं नाव पाहिजे. आणि वाचायला आमच्यातली मुलगी उभी करायची नाही. त्या खुर्चीवर जो बसला असेल त्याने स्वतः रिक्षात बसून वाचायचं. तोवर मी येत राहणार.