पस्तीसची लेन्स

सांगलीतल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात काचेवर दोन लेन्स मांडल्या होत्या, आणि मला त्यातली एकच घेता येणार होती. एक पस्तीस मिलिमीटरची, एक पन्नासची. दोन्ही झूम न होणाऱ्या. पण दोन्हींचं तोंड माझ्या जुन्या लेन्सपेक्षा कितीतरी मोठं उघडत होतं, म्हणजे अंधाऱ्या जागी त्या जास्त उजेड आत घेणार होत्या. निवड चुकली तर बदलून मिळणार नव्हती. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा होता आणि त्याच आठवड्यात सुनावणी होती.

फोटो कशाचा ते आधी सांगते, नाहीतर हे सगळं हौसेचं प्रकरण वाटेल.

जत तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी खताच्या जुन्या गोदामात भरत होती. खिडकी एकच, तीही पत्रा ठोकून बंद केलेली. वीज तोडलेली. वर पत्रे, पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड, आणि हे सगळं वजन पेलणारी लाकडी तुळई मधोमध चिरलेली. चिरलेल्या तुळईवर कुणीतरी चुना फासला होता. चीर लपावी म्हणून की स्वच्छता अभियान म्हणून, ते फासणाऱ्यालाच माहीत. खाली तीन-चार वर्षांची पोरं अंक म्हणायची.

तक्रार आम्ही केली. आम्ही म्हणजे पत्रकं काढणारे चार-पाच जण. मी मूळची लोणंदची, शिकवण्या घेते, आणि कॉलेजपासून पत्रकं लिहिते. इतकी, की घरी किराणा सांगतानासुद्धा माझ्या तोंडून ‘आमच्या मागण्या’ बाहेर पडतं, असं आई म्हणते.

आधी आम्ही तालुक्याच्या बालविकास कार्यालयात मोबाईलवरचे फोटो दिले. तिथले साहेब म्हणाले, “हल्ली मोबाईलवर काय पण बनवता येतं, ताई. कॅमेऱ्यातली मूळ फाइल दाखवा, अर्जाला छापील फोटो जोडा.” ठीक. कॅमेरा घेऊन गेले, स्टँडवर ठेवला, अंगणवाडी सुटल्यावर फोटो काढला. चीर अगदी स्वच्छ आली. साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, “ही खोली रिकामी आहे. मुलं समाजमंदिरात बसतात. तसा दर महिन्याला अहवाल येतो.”

समाजमंदिरात मांडववाल्याच्या खुर्च्या आणि कनाती होत्या. कुलूपही त्याचंच होतं. हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं.

मग पोरं बसलेली असताना फोटो काढला. उजेड इतका कमी, की माझ्या जुन्या लेन्सला बराच वेळ उघडं राहावं लागत होतं, आणि तेवढ्यात पोरं चारदा हलायची. फ्लॅश मारला तर चुना चकाकायचा आणि चीर गायब व्हायची. शेवटी जो फोटो बरा वाटला तो घेऊन गेले. साहेबांनी तो हातभर लांब धरला. “यात मुलं कुठं आहेत? हा तर धूर आहे.” आणि हसले. शेजारी बसलेले अंगणवाड्यांचे पर्यवेक्षकही हसले. त्या हसण्यानं मला सांगलीच्या दुकानात आणून उभं केलं.

“पन्नास घ्या ताई,” दुकानदार म्हणाले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. लग्नाचे अल्बम करण्यात त्यांचा जन्म गेलेला. “आख्खी सांगली पन्नासवर लग्नं करते. नवरीचा चेहरा असा कोरून येतो, आणि मागचं सगळं लोणी.”

“लोणी म्हणजे?”

“विरघळतं हो. खुर्च्या, वाढपी, नवऱ्याचा मामा. काहीच दिसत नाही मागचं.”

“अण्णा, मला मामाच पाहिजे. आमच्या फोटोत सगळं काम मागचा मामाच करतो.”

ते हसले, पण पन्नासचा डबा त्यांनी माझ्याकडं थोडा सरकवलाच. आणि खरं सांगायचं तर माझाही जीव तिकडंच ओढत होता. पत्रकावर एक चेहरा लागतो. मोठे डोळे, वर बघणारं पोर, खाली जाड अक्षरात मागणी. असं पत्रक लोक हातात घेतात, चुरगळून टाकत नाहीत. डोक्यात तो फोटो तयार होता, आणि तो पन्नासचाच फोटो होता.

पण साहेबांना डोळे दाखवायचे नव्हते. साहेबांना एकाच चौकटीत पोरं आणि चीर दाखवायची होती.

माझ्या जुन्या झूमच्या कड्यावर दोन्ही आकडे होते. म्हटलं, विकत घेण्याआधी तेवढं तरी बघू. दुकानाच्या मागं पासपोर्ट फोटोची खोली होती, साधारण त्या गोदामासारखीच, अरुंद आणि लांबट. “अण्णा, जरा स्टुलावर बसा.”

“मी?”

“तुम्ही अंगणवाडीतलं पोर.”

बाहेर एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी ताटकळलं होतं. अण्णा कुरकुरत बसले. मी भिंतीला पाठ टेकवली, कॅमेरा उभा धरला, कडं पन्नासवर फिरवलं. अण्णा छातीपर्यंत आले आणि त्यांच्या डोक्यावर थोडी मोकळी भिंत. मागं सरकायला जागाच नव्हती. पस्तीसवर फिरवलं. स्टूल आलं, अण्णा आले, आणि अगदी वरच्या काठाला पंख्याचं पातं आलं. जेमतेम.

“कसा दिसतोय?” अण्णांनी विचारलं.

“लहान.”

“मग कशाला घेताय ती!”

मी पस्तीस घेतली. पैसे मोजून घेताना ते म्हणाले, “ह्याच्यावर नवरी जाड दिसते. उद्या माझ्याकडं तक्रार आणू नका.” गिऱ्हाईक हसलं. मला हसू आलं नाही. जतच्या एसटीत डबा मांडीवर घट्ट धरून बसले आणि मिरज मागं पडेपर्यंत ते पंख्याचं पातं डोळ्यांपुढून हललं नाही. जेमतेम मावलं होतं. तुळई पंख्यापेक्षा उंच असली तर?

सकाळी गोदामाच्या दारात अंगणवाडीच्या बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या. पोरांशी कानडी, माझ्याशी मराठी. त्यांनी आधीच अट घातलेली होती आणि तीच पुन्हा सांगितली. “मला घेऊ नगा फोटोत. अहवालावर माजी सही हाय.”

म्हणजे असं, की दर महिन्याला त्या अहवालात ‘समाजमंदिर’ असंच लिहीत होत्या. वरून सांगितलं होतं. या खोलीत त्यांचा चेहरा दिसला असता तर सही खोटी ठरली असती, आणि सगळ्यात आधी नोकरी त्यांचीच गेली असती. मी त्यांना शब्द दिला होता.

उंबऱ्यात पाय रोवले, नवी लेन्स लावली. पस्तीसवर तुळई चौकटीत आली. वरच्या काठाला टेकली, पण आली. आणखी मागं सरकले असते तर दाराच्या वरच्या चौकटीनंच ती कापली असती. पन्नास आणली असती तर मी तिथंच डोकं धरून बसले असते. पहिला फोटो काढून पाहिला. पहिल्यांदाच पोरं पोरांसारखी दिसली. एकाचं नाक वाहत होतं, तेसुद्धा दिसलं.

आणि मग चौकटीत काय नाही ते दिसलं.

पोरं भिंतीला पाठ लावून चारी बाजूंनी बसली होती. आधी दोनदा आले तेव्हा मला वाटलं होतं की खेळासाठी गोल केलाय. मधली सतरंजी मोकळी. तिथं एरवी बाई बसत, आणि फोटोत येऊ नये म्हणून आज त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या होत्या. चिरेखाली कुणीच नव्हतं. साहेब काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं. बघा, धोक्याची जागा मोकळीच ठेवलेली आहे.

“बाई,” मी म्हटलं, “दोन-तीन पोरांना जरा मधी बसवा.”

“न्हाई.”

“फोटोपुरतं. एक मिनिट.”

“फोटोपुरतं पन न्हाई.” त्यांनी वर बघितलं. “तिला काय कळतंय, फोटो चाललाय म्हनून?”

माझं डोकं फिरलं. कितीतरी खेटे, कितीतरी अर्ज, आणि आता हातात चालणारी लेन्स असताना ही बाई आडवी येते! “मग साहेबांना काय दाखवू? रिकामी सतरंजी? एक मिनिटात काय होतंय, रोज इथंच तर बसतात!”

“रोज हितं बसत न्हाईत. रोज तितं बसत्यात, भिंतीकडंला.” आवाज चढला नव्हता. “मी बसवती.”

तेवढ्यात वरून चुना सांडला. मूठभरही नसेल. दारातून येणाऱ्या उजेडात पांढरी रेघ उतरली आणि सतरंजीच्या मधोमध पडली. एकाही पोरानं वर बघितलं नाही. त्यांना सवय होती. माझा हात शटरवरून निघाला.

एक पोरगी पाटी दाखवायला उठली आणि बाईंकडं जायला सरळ सतरंजीवरून निघाली. बाई झपकन पुढं झाल्या, तिला खांद्याला धरून भिंतीकडं वळवलं, आणि परत कोपऱ्यात गेल्या नाहीत. पदरानं चुना झटकला आणि त्या मधी बसल्या. त्यांच्या रोजच्या जागेवर. तोंड दाराकडं, म्हणजे माझ्याकडं.

“काडा.”

“बाई, चेहरा येतोय तुमचा. तिकडं वळून बसा.”

“पोरं हिकडं हायत, मी तिकडं तोंड करून काय शिकवू? काडा लवकर. किती येळ बसू हितं?”

मी काढले. वर चीर, खाली बाई, कडेनं पोरं. सगळं एका चौकटीत. त्यात मी काहीच मांडलेलं नव्हतं.

सुनावणीला मी भाषण तयार करून गेले होते. साहेबांनी छापील फोटो हातात घेतला. या वेळी त्यांनी तो लांब धरला नाही, जवळ आणला.

“मुलं दिसतायत,” ते म्हणाले. “ही मधी बसलेली कोण?”

“मी हाय साहेब.” बाई मागच्या बाकावरून उठल्या.

“अहवालात तुम्ही समाजमंदिर लिहिलंय.”

“व्हय. लिवलं.”

“का?”

“लिव म्हनले म्हनून.”

कोण म्हणालं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त साहेबांच्या शेजारी बघितलं. पर्यवेक्षक टेबलावरचा पेन उचलून त्याचं टोपण काढू-घालू लागले. मी तोंड उघडलं होतं, भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर होतं, आणि साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला.

“आणि एवढी जागा असताना मुलं अशी भिंतीला चिकटून का बसलीत?”

साहेबांचं बोट बाईंच्या डोक्यावर होतं. ते फोटोवरून सावकाश वर सरकलं आणि तुळईशी थांबलं. मी ते वाक्य गिळलं. भाषण आजही माझ्या पिशवीत आहे.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराचं कुलूप निघालं. मांडववाल्याच्या खुर्च्या ट्रॅक्टरमध्ये भरताना गावानं पाहिल्या. कुणी पत्रकात लिहील, विजय झाला. मी लिहिणार नाही, कारण त्याच आठवड्यात लेखी खुलासा मागितला तो बाईंकडं. ज्यानं लिहायला लावलं त्याला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही. अजून नाही. त्यावर आमचं पत्रक निघालं आहे, दुसरंही निघेल, आणि बाईंच्या खुलाशाला जोडायला तोच फोटो मी मोठा करून दिला आहे.

समाजमंदिरात अंगणवाडी भरली त्या सकाळी मी गेले होते. दोन्ही बाजूंना खिडक्या, सगळीकडं ऊन. तिथं माझी जुनी लेन्ससुद्धा पुरली असती. सतरंजी अंथरली तशी पोरं आत पळाली, आणि एकजात भिंतीपाशी जाऊन पाठ लावून बसली. मधली जागा मोकळी सोडून.

बाई मधोमध जाऊन बसल्या. वर बघितलं. मग हात पसरून म्हणाल्या, “इल्ली बा.” इकडं या.

पोरं हलेनात. पाटीवाली पोरगी तेवढी उठली. भिंत धरून निम्मी खोली तशीच कडेकडेनं चालली, थांबली, छताकडं बघितलं, आणि मग बाईंकडं सरळ पळत सुटली.