टेसीच्या लेकीचं उत्तर

टेसी एम्ब्रीच्या घरी नाताळ नव्हता. क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या कुठल्याच घरी नसे. एक दिवस दुसऱ्यापेक्षा पवित्र कसा असेल, असं ती मंडळी म्हणत. वारांना आणि महिन्यांना ते नावंसुद्धा देत नसत, नुसते आकडे. तरी दर वर्षी बाराव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी तिची मुलं घरी येत. शाळा बंद असे, डुकरं कापून झालेली असत, रस्ते गोठून गाडीला पक्के झालेले असत. ‘योगायोग,’ टेसी म्हणायची. त्या योगायोगासाठी ती कितीतरी आधीपासून टर्कीला मका चारायची.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या त्या भागात तिला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. उंच, हाडापेरानं मजबूत. राखाडी झगा, पांढरी टोपी. झग्याला झालर नाही की फीत नाही, पण इस्त्री अशी की सुरकुतीची छाती होऊ नये. साधेपणाचाही एक तोरा असतो. तो तिच्यात होता.

पंथाच्या बायकांच्या मासिक सभेची ती चिटणीस होती. त्या सभेत हात वर करून मतं घेत नसत. सगळ्या गप्प बसत, आणि चिटणिसानं त्या गप्पपणातून सभेचं मन ओळखायचं. टेसीला ते ओळखता येई. निदान तिला तसं वाटे.

तिच्या घरात खोट्याला थारा नव्हता. मुलगी ब्यूला लहान असताना एकदा दुकानदाराला ‘लोणी आजचं आहे’ म्हणाली. ते कालचं होतं. टेसीनं तिला खरं सांगायला चिखलातून परत पाठवलं. दुकानदार हसला, म्हणाला, “पोरी, कालचं लोणीही लोणीच असतं.” ब्यूलानं घरी येऊन हे सांगितलं.

“मग तू काय म्हणालीस?” टेसीनं विचारलं.

“म्हटलं, हो. पण आजचं नसतं.”

टेसीनं तिचे चिखलाचे पाय धुतले. रात्री नवऱ्याला तिनं ते दोनदा सांगितलं.

त्याच ब्यूलानं उन्हाळ्यात एका मेथडिस्टाशी लग्न केलं. सायलस त्याचं नाव. गाड्यांची चाकं करायचा, आणि करताना मोठ्यानं गायचा. लग्न त्याच्या पाद्र्यानं लावलं. परका पंथ आणि पगारी पाद्री, दोन्ही सभेच्या नियमाबाहेर. नियम कडक होता, पण त्यातून वाट होती. सभेच्या दोन बायका विचारायला येत. मुलीनं म्हणायचं, असं लग्न केल्याचा मला पश्चात्ताप होतो. एवढं म्हटलं की नवराही राहतो, सभाही राहते. नाही म्हटलं तर नाव कमी. मग मासिक सभेत आईशेजारी बसणं संपलं. पोटी येणारी मुलंही सभेची धरली जात नसत.

ब्यूलाला दिवस गेले होते.

आणि हल्दा व रूथाना या सभेच्या दोघी तिला विचारायला त्या पंचविसाव्या दिवशीच दुपारी येणार होत्या. मुलगी माहेरी सापडेल असा तोच दिवस.

त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात माय-लेकी दोघीच होत्या. बाहेर सायलस लाकडं फोडत गात होता.

“हा कधी थांबतो?” टेसीनं विचारलं.

“झोपल्यावर. तेही नेहमी नाही.”

टेसी कणीक मळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “एक वाक्य आहे, ब्यूला. मार्थाच्या मुलीनं म्हटलं. मिल्सच्या दोघींनी म्हटलं. आज सगळ्या सभेत बसतात.”

“त्यांना पश्चात्ताप झाला असेल.”

“ते कोण बघायला गेलंय? म्हणून टाक. बाळाकडे बघ.”

ब्यूलाच्या हातातला चाकू थांबला. “तुम्हाला दुखावलं, त्याचं मला वाईट वाटतं. हे मी हजारदा म्हणेन. त्या तेवढंच विचारतील का?”

टेसीला ‘हो’ म्हणता आलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “तेवढं पुरत नाही.”

दोघी पुन्हा कामाला लागल्या. सफरचंदं चिरून झाली.

जेवायला सगळे बसले. माना खाली गेल्या, घर शांत झालं. जेवणाआधी असंच गप्प बसायची त्यांची रीत. सायलसनं थोडा वेळ वाट पाहिली. त्याला वाटलं, प्रार्थना म्हणायचा मान पाहुण्याचा आहे आणि आपण उगाच सगळ्यांना ताटकळत ठेवलंय. तो खणखणीत आवाजात सुरू झाला. टर्की, मका, सासूबाई, गाई, देशाचा राष्ट्राध्यक्ष, कोणालाही त्यानं सोडलं नाही. ब्यूलाचा धाकटा भाऊ एलाम हसू दाबता दाबता लालबुंद झाला.

“आमेन!” सायलस म्हणाला.

टेसीचा नवरा एनॉस सावकाश मान वर करून म्हणाला, “सायलस, देव इथेच आहे रे. पलीकडच्या शेतात नाही.”

“मला वाटलं, तुम्ही सगळे विसरलात!”

“आम्ही बोलतच होतो,” एलाम म्हणाला. “तू मध्ये बोललास.”

सगळे हसले. सायलस सगळ्यांत मोठ्यानं. टेसीनं ओठ चावला आणि मुरांब्याचं भांडं त्याच्या पुढे सरकवलं.

ताटं उचलून होतात न होतात तोच हल्दा आणि रूथाना आल्या. हल्दा चेहऱ्यानं कडक, मनानं तशी नव्हती. रूथाना सहसा बोलतच नसे. पुरुष गोठ्याकडे गेले. चौघी बायका बैठकीच्या खोलीत बसल्या. आधी गप्प. चुलीतलं लाकूड तडतडत होतं.

“ब्यूला, आम्ही का आलोय ते तुला ठाऊक आहे,” हल्दा म्हणाली. “मी तुला पाळण्यात पाहिलंय. मला चांगली बातमी घेऊन जाऊ दे.”

ब्यूलानं घाई केली नाही. “आईबाबांना दुखावल्याचं मला वाईट वाटतं. नियम मोडला हे खरं. पण सायलसशी लग्न केल्याचा मला पश्चात्ताप होत नाही. काल नव्हता, आज नाही. उद्याचं सांगता येत नाही. तो फार गातो.”

रूथानाच्या तोंडून हसू फुटलं. तिनं लगेच खोकला काढला.

हल्दा टेसीकडे वळली. “तू आई आहेस. तू एक शब्द सांग. तुझं ऐकेल ती.”

टेसीनं हात मांडीवर ठेवले. हाताला अजून पीठ होतं. आपल्याला लाज वाटायला हवी, हे तिला कळत होतं. लाज वाटतही होती, पण मुलीची नाही.

“सांगितलं मी,” ती म्हणाली. “सकाळीच. वाटत नसलं तरी म्हणून टाक, असं सांगितलं. मी, चिटणीस. ती नाही म्हणाली. सभेला तिचं उत्तर सांगशील तेव्हा हेही सांग, हल्दा. आज या घरात आईपेक्षा लेक सरळ निघाली.”

“आई,” ब्यूला म्हणाली.

“तू गप्प बस.”

हल्दानं टोपीची नाडी बांधली. “मला तिचं उत्तर सांगायला धाडलंय,” ती म्हणाली. “तुझं नाही. तुझं तू सांग.”

“सांगेन.”

रूथाना निघताना दारात थांबली. तिनं ब्यूलाचा हात हातात घेतला आणि सोडला.

पुढच्या मासिक सभेत टेसीनं उभं राहून आपलं सांगितलं. सभेनं ते नोंदवून घेतलं. मग ब्यूलाचं प्रकरण आलं. सभाघराच्या मधोमध लाकडी फळ्या उतरवल्या होत्या. इकडे बायका, पलीकडे पुरुष. दुसरी कोणी वाचेल, असं हल्दा हळूच म्हणाली. टेसीनं नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा उभी राहिली आणि तिनं सभेचा निर्णय स्वतः वाचला. ब्यूला ही या सभेची सदस्य राहिलेली नाही. कोणाची कोण हे लिहायची रीत होती, म्हणून ते लिहिलेलं होतं. ‘एनॉस आणि टेसी एम्ब्री यांची मुलगी.’

ते शब्द तिनं वाचले तेव्हा पुढच्या बाकावरच्या बायकांनी वर पाहिलं.

घरी जाताना बर्फ भुरभुरत होतं. एनॉसनं लगाम हातात घेतला, पण घोडा हाकला नाही.

“आज तुझा आवाज फळ्यांपलीकडे आला,” तो म्हणाला.

“कोणता?”

“आपली दोघांची नावं घेतलीस तेव्हाचा. जरा मोठा होता.”

“असेल,” टेसी म्हणाली. “हाक आता.”